बेसच्या डब्यात नेमकं काय जळतं

परभणीहून हिंगोलीकडे निघालं की औंढा नागनाथच्या अलीकडे जवळा बाजार लागतं. आसपासच्या खेड्यांचा माल आणि माणसं जिथे उतरतात असं हे बाजारपेठेचं गाव. मराठवाड्यातल्या अशा प्रत्येक गावात लग्नसराई, आंबेडकर जयंती, पोळा, गणपती, दसरा हे जसं लोकांचं वर्ष असतं तसंच ते डीजेच्या धंद्याचंही वर्ष असतं. पिकअपवर दोरखंडाने आवळलेले अठरा इंची बेसचे डबे, त्यांच्यावर टॉप, मागे धडधडणारा जनरेटर हा थाट आता कुणाला नवा राहिलेला नाही. वरात अर्ध्या रस्त्यात असताना एखादा बेस घरघरायला लागतो, ‘फाटतो’ आणि मग गप्प होतो, हेही नवं नाही. त्यावरचा निकाल तिथल्या तिथे लागतो: माल डुप्लिकेट निघाला, मशीन कमी पडलं, पुढच्या सीझनला जास्त वॅटचा स्पीकर टाकू. या निकालाची गंमत अशी की तो डबा न उघडताच दिलेला असतो. डबा उघडून आतला ड्रायव्हर नीट पाहिला तर जास्त वॅट हा उपाय होता असं फार क्वचित दिसतं. जास्त वॅटच्या हव्यासानेच तो ड्रायव्हर गेला, असं मात्र पुष्कळदा दिसतं.

डबा म्हणजे प्लायवूडचा खोका. आवाज काढतो तो त्यात बसवलेला ड्रायव्हर, ज्याला आपण सरसकट स्पीकर म्हणतो. अठरा इंची म्हणजे सुमारे ४६ सेंटीमीटर व्यासाचा. समोर कागदी लगद्याचा काळा कोन, त्याच्या कडेला घडीघडीची कापडी किनार, मधोमध गोल टोपी. मागे लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची बास्केट आणि तिच्या टोकाला जाड चकतीसारखं चुंबक. खरा कारभार टोपीच्या मागे, नजरेआड चालतो. तिथे साधारण चार इंच व्यासाच्या नळीवर तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार गुंडाळलेली असते. हीच ती कॉईल. चुंबकाच्या दोन लोखंडी भागांमधल्या अरुंद फटीत ती लोंबकळत असते, आणि दोन्ही बाजूंनी मोकळी जागा मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच. तिला मधोमध धरून ठेवण्याचं काम स्पायडर करतो, म्हणजे घड्या घातलेलं, राळ लावून कडक केलेलं कापड. कॉईलमधून मशीनची, म्हणजे ॲम्प्लिफायरची, वीज वाहिली की ती फटीत पुढेमागे होते, तिच्याबरोबर कोन हलतो आणि कोन हवा ढकलतो. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये या रचनेवर निबंध प्रसिद्ध केला. शंभर वर्षांत कागद, डिंक आणि चुंबक सुधारले, पण मूळ मांडणी तीच राहिली.

तपासणीची सुरुवात स्क्रू काढण्याआधीच होते. मशीन बंद करून डब्याची वायर काढायची आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून डब्याच्या सॉकेटवरच पहिलं माप घ्यायचं. आठ ओहमचा म्हणून विकला जाणारा धडधाकट ड्रायव्हर मीटरवर आठ कधीच दाखवत नाही. तो साधारण पाच ते सहा दाखवतो, कारण आठ हा आकडा वाजतानाचा आणि मीटरवरचा नुसत्या तारेचा. ‘डबल अठरा’च्या डब्यात असे दोन ड्रायव्हर समांतर जोडलेले असतील तर माप त्याच्या निम्मं, पावणेतीनच्या आसपास, यायला हवं. नवशिका इथेच फसतो. दोनपैकी एकाची कॉईल तुटली असेल तर मीटर साडेपाच दाखवतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, आकडा तर बरोबर आहे! तसाच डबा पुढच्या वरातीला जातो. आत दोघांची हवा एकच असेल तर मेलेला कोन जिवंत कोनाच्या दाबाने नुसता फडफडत राहतो, जिवंत ड्रायव्हर जास्त ओढला जातो आणि पुढे तोही जातो. म्हणून डबलचा डबा असेल तर दोन्ही ड्रायव्हरांच्या तारा सोडवून प्रत्येकाचं माप वेगळं घेतलंच पाहिजे.

मग डबा पाठीवर आडवा टाकायचा, कोन आकाशाकडे. चुंबक जबरदस्त असतं, पेचकस हातातून ओढून घेतं आणि टोक थेट कोनात घुसतं, म्हणून एक हात कायम कोनाच्या कडेवर आडवा ठेवलेला बरा. बोल्ट काढले तरी ड्रायव्हर लगेच सुटत नाही, कारण गॅस्केट चिकटून बसलेलं असतं. कडेकडेने सैल करून दोघांनी मिळून तो उचलायचा. फेराइट चुंबकाचा अठरा इंची ड्रायव्हर दहा-पंधरा किलो सहज भरतो. कोणती तार लाल टर्मिनलला होती, तेवढं खूण करून ठेवायचं. आता आधी नाक लावायचं. चुंबकाच्या मागच्या भोकाशी जळक्या वार्निशचा वास आला तर अर्धा निकाल तिथेच लागला. नंतर दोन्ही तळवे कोनावर समोरासमोर ठेवून, दोन्हीकडे सारखा जोर देत कोन हळूच खाली दाबायचा आणि सोडायचा. तो मुकाट्याने खाली जाऊन वर यायला हवा. ‘खर्र’ असा आवाज आला तर कॉईल फटीत घासते आहे. शेवटी ड्रायव्हर उलटा करून बास्केटच्या फटींतून स्पायडर पाहायचा: कडेला सुटला आहे का, घड्या सैल पडल्या आहेत का, कॉईलकडे जाणारी विणलेली तार कुठे तुटायला आली आहे का. रिकाम्या डब्यातही बॅटरी मारून पाहावं. सैल झालेला आडवा ठोकळा, निखळलेला नट, सांध्यातली चीर यांपैकी काहीतरी हमखास सापडतं आणि कित्येकदा स्पीकर ‘फाटण्याचा’ आवाज तिथलाच निघतो.

एवढं केल्यावर ‘कॉईल गेली’ या दोन शब्दांमागे किती वेगवेगळी कारणं दडलेली असतात ते कळू लागतं. कॉईल सगळीकडून सारखी काळवंडलेली, वेटोळी सुटलेली, नळीला फोड आलेले असतील तर तिला बराच वेळ पेलवणार नाही इतकी वीज मिळत होती. कॉईलचा रंग शाबूत पण नळीची मागची कड चेपलेली असेल तर कोन गरजेपेक्षा फार आत जाऊन कॉईल चुंबकाच्या पाठीवर आदळत होती. पोर्टच्या, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेल्या, डब्यात हे फार घडतं. डबा ज्या कंपनसंख्येला जुळवलेला असतो तिच्याखालचे सूर आले की आतल्या हवेचा आधार सुटतो आणि कोन मोकाट हलतो. तीस-पस्तीस हर्ट्झच्या खालचं कापायची सोय क्रॉसओव्हरवर असूनही ती बंद ठेवलेली असते. कॉईल एकाच बाजूने खरचटलेली असेल तर डबा आदळून बास्केट वाकली आहे, किंवा जड कोन वर्षानुवर्षं एकाच बाजूने खाली ओढला जाऊन मध्य सोडून बसला आहे. यावर उपाय फुकटचा आहे: दर वर्षी ड्रायव्हर अर्धा फिरवून बसवायचा. आणि वायर लावताच कोन एका बाजूला ताणून तिथेच थांबत असेल तर दोष स्पीकरचा नाहीच. मशीन नादुरुस्त आहे आणि थेट डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज, सोडतं आहे. त्यावर नवा ड्रायव्हर लावला तर तोही काही सेकंदांत जळेल. चार कारणांना चार निरनिराळे उपाय आहेत आणि जास्त वॅटचा स्पीकर यांपैकी एकावरही उपाय नाही.

आता त्या सगळीकडून काळवंडलेल्या कॉईलकडे वळू. चांगल्या बेस ड्रायव्हरच्या कागदावर एका वॅटला एका मीटरवर ९८ डेसिबल असा काहीसा आकडा असतो. त्याचा सरळ अर्थ असा की दिलेल्या विजेपैकी सुमारे चार टक्क्यांचाच आवाज होतो. हजार वॅट दिले तर चाळीस वॅटचा आवाज आणि नऊशे साठ वॅटची उष्णता. पाणी तापवायची कांडी जेवढी वीज खाते तेवढीच ही, फक्त इथे पाणी नाही, बंद खोका आहे, वर एप्रिलचं ऊन आहे आणि डब्याला बहुधा काळा रंग आहे. तांबं तापलं की त्याचा विरोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. कॉईल दोनशे अंशांनी तापली, आणि वरातीत ती तापते, की साडेपाच ओहमची तार पावणेदहा ओहमच्या घरात जाते. मशीन तेवढंच व्होल्टेज देत असतं, पण वीज कमी ओढली जाते आणि आवाज तीन ते पाच डेसिबलनी उतरतो. ऑपरेटरच्या कानाला एवढंच कळतं की बेस बसला. तो फेडर वर सरकवतो, कॉईल आणखी तापते, आवाज पुन्हा उतरतो, फेडर पुन्हा वर जातो. नळीवर कॉईल धरून ठेवणारा डिंक सुटेपर्यंत हा खेळ चालतो. शेवटच्या अर्ध्या तासात वाढवलेले वॅट वऱ्हाडाने ऐकलेलेच नसतात.

वॅट आणि आवाज यांचं नातं मुळात असं कंजूष आहे. वॅट दुप्पट केले तर आवाज तीनच डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायचा असेल तर सुमारे दहा डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. हजाराच्या जागी दोन हजार वॅटचं मशीन आणणाऱ्याच्या पदरात कॉईल थंड असताना तीन डेसिबल पडतात आणि ती तापल्यावर तेही राहत नाहीत. उलट तसाच दुसरा डबा शेजारी खेटून ठेवला आणि त्याला त्याचं स्वतःचं मशीन दिलं तर खालच्या सुरांत सहा डेसिबलपर्यंत वाढ मिळते, कारण हवा ढकलणारा कोनही दुप्पट होतो. मात्र दोन्ही कोन एकाच वेळी बाहेर आणि एकाच वेळी आत जायला हवेत. एका ड्रायव्हरच्या तारा उलट लागल्या असतील तर एक ढकलतो, दुसरा ओढतो आणि दोघांचा बेस एकमेकांत विरून जातो. ही चूक रिकोन करून, म्हणजे कोन आणि कॉईल बदलून, आलेल्या ड्रायव्हरात सर्रास सापडते. ती ओळखायला दीड व्होल्टचा साधा सेल पुरतो. सेलचं अधिक टोक लाल टर्मिनलला आणि वजा टोक दुसऱ्या टर्मिनलला क्षणभर टेकवलं की कोन बाहेर यायला हवा. दहा रुपयांच्या सेलने सापडणारा हा दोष न सापडल्यामुळे किती मशिनं बदलली गेली असतील, हा विचार धंद्यातल्या माणसाने एकदा करावाच.

यावर जाणकार ऑपरेटर म्हणेल की स्पीकर मोठ्या मशीनने नाही, छोट्या मशीनने जळतात, क्लिपमुळे. यात तथ्य आहे, पण अर्धंच. मशीनची ताकद संपली की लाटेची शेंडी कापली जाते आणि लाल दिवा लागतो. तेवढ्याच उंचीची पण सपाट माथ्याची लाट मूळ गोल लाटेच्या जवळजवळ दुप्पट वीज वाहून नेते. म्हणजे पाचशे वॅटचं मशीन लाल दिव्यावर दाबून ठेवलं तर हजाराच्या आसपास वॅट कॉईलमध्ये उतरू शकतात. जनरेटर दमला, व्होल्टेज उतरलं की हे आणखी लवकर होतं. पण यातून ‘म्हणून मोठं मशीन घ्या’ एवढंच निघत नाही. मोठं मशीनही लाल दिव्यावरच चालवलं तर कॉईल आणखी लवकर जळेल. कॉईलला मशीनचं नाव, किंमत, कंपनी काही कळत नाही. तिला तासाभरात सरासरी किती उष्णता सोसावी लागली एवढंच तिच्यावर उमटतं. त्यात हल्लीच्या रिमिक्समधला बेस श्वास घ्यायलाही थांबत नाही. सनई-चौघड्याच्या किंवा जुन्या सिनेगीताच्या ध्वनिमुद्रणात कॉईलला ठोक्याठोक्यांमध्ये निवायला वेळ मिळायचा, तो आता मिळत नाही.

डब्यावर छापलेल्या आकड्यांनी या गोंधळात भरच घातली आहे. ड्रायव्हरची खरी चाचणी दोन तास सतत गोंगाटासारखा सिग्नल देऊन करतात. अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने १९८४ मध्ये ही पद्धत ठरवून दिली. त्यात टिकलेला आकडा हजार असेल तर कंपन्या त्याच्या दुप्पट ‘प्रोग्राम’ आणि चौपट ‘पीक’ असं लिहितात. दोन्ही आकडे तांत्रिक अर्थाने खोटे नाहीत. पण जाहिरातीत आणि डब्याच्या पाठीवर ठळक अक्षरात चार हजारच दिसतात आणि घेणारा चार हजारांच्या हिशोबाने मशीन जोडतो. हा आकडा क्षणभराच्या ठोक्याचा आहे. चार तासांच्या मिरवणुकीत भरवसा ठेवायचा तो हजारावरच.

दुसरी हरकत जास्त व्यावहारिक आहे: डबा उघडणं हे मेकॅनिकचं काम, गावातल्या पोरांनी हात घातला तर बऱ्याचं वाईट होईल. रिकोनबद्दल ही भीती अगदी रास्त आहे. मधली टोपी कापली की फटीत धूळ आणि लोखंडाचा कीस जातो, चुंबक तो सोडत नाही आणि पुढे कॉईल घासतच राहते. हाताने गुंडाळलेल्या कॉईलमध्ये तार बदलली की वजन आणि विरोध दोन्ही बदलतात, मग जोडीतला एक ड्रायव्हर दुसऱ्यापेक्षा वेगळा वागतो. ड्रायव्हर वॉरंटीत असेल तर मुळीच खोलू नये. आणि पुढून कोन दिसतच नाही अशा हॉर्नच्या घडणीच्या डब्यात बाजूची फळी काढूनच आत जावं लागतं, तिथे घाई महागात पडते. पण पाहणं वेगळं आणि दुरुस्त करणं वेगळं. मीटर, सेल, नाक आणि दोन तळवे एवढ्यावर होणाऱ्या तपासणीत कापाकापी कुठेच नाही. उलट ‘आठ ओहमचा आहे, चार दाखवतो, उजवीकडे घासतो’ असं सांगून परभणी किंवा नांदेडला ड्रायव्हर पाठवणाऱ्या माणसाला मेकॅनिक सहसा गंडवू शकत नाही.

तिसरी हरकत डीजेवाल्यांची नाही, त्यांच्या आवाजाने त्रासलेल्या शेजाऱ्यांची आहे, आणि तीच सर्वांत जड आहे. ही यंत्रं जितकी लवकर जळतील तितकं बरं, ती टिकवण्याचे धडे कशाला? कायदा शेजाऱ्यांच्या बाजूने आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद, आणि सणासुदीला मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षाला जास्तीत जास्त पंधरा दिवस. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात या नियमांच्या कडक अंमलबजावणीवर शिक्कामोर्तब केलं. २०१८ च्या सप्टेंबरात, गणेश विसर्जनाच्या तोंडावर, ध्वनियंत्रणा पुरवणाऱ्यांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली तेव्हाही तिला अंतरिम दिलासा मिळाला नाही. डब्यांची तपासणी केल्याने ही मर्यादा पाळली जाईल असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण जळका ड्रायव्हर शेजाऱ्याला शांतता देत नाही, कारण त्याच्या जागी पुढच्या हंगामात मोठा ड्रायव्हर येतो. ‘मशीन कमी पडलं’ या निदानानेच गेल्या काही वर्षांत पिकअपवरचे डबे वाढत गेले. ते निदान चुकीचं आहे हे डबा उघडूनच सिद्ध होतं. तारा सुलट असलेले, सांधे बंद असलेले दोन डबे जे काम करतात त्यासाठी तारा उलट असलेले चार नेले जात असतील, तर त्यात भरडला जातो तो शेजारीच.

शेजाऱ्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती फारशी बोलली जात नाही. नियमातले डेसिबल ‘ए’ मापाचे आहेत, म्हणजे कान ज्या सुरांना मंद प्रतिसाद देतो ते मोजताना कमी धरलेले. पन्नास हर्ट्झचा बेस या मापात तब्बल तीस डेसिबलनी कमी मोजला जातो. मीटर ७५ दाखवत असताना बेस प्रत्यक्षात १०५ असू शकतो. त्याची एक लाट सुमारे सात मीटर लांब. ती भिंतीला जुमानत नाही आणि पत्र्याचं छप्पर, खिडकीची काच, छातीचा पिंजरा सगळं हलवून जाते. ‘मीटरवर तर बसतो’ असं म्हणणारा डीजेवाला आणि ‘घर थरथरतं’ म्हणणारी शेजारीण, दोघंही खरं बोलत असतात. बेस कमी न लेखणारं ‘सी’ माप शेजारी धरलं तर हा वाद मिटेल, असं मला वाटतं. त्रास फक्त शेजाऱ्याला होतो असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीला शंभर डेसिबल ही कमाल मर्यादा सुचवली. पिकअपच्या मागे चार तास उभा राहणारा ऑपरेटर त्याच्या कितीतरी पुढे असतो. त्याचे कान बधिरतात, बेस कमी वाटतो आणि हात पुन्हा फेडरकडे जातो.

तपासणीला वेळ कुठे आहे, हा प्रश्न मराठवाड्यात तरी पडू नये. आषाढी एकादशीला लग्नं थांबतात आणि श्रावणी अमावास्येला पोळा येतो. मधले जवळपास सात आठवडे डबे शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून असतात, आणि ओल धरणारा कागदी कोन तपासायला पावसाळ्याइतका योग्य काळ नाही. एका ड्रायव्हरला अर्धा तास पुरतो. हाताशी एक वही हवी. प्रत्येक ड्रायव्हरवर खडूने नंबर, वहीत त्या नंबरासमोर तारीख, ओहम, घासतो की नाही, लाल टर्मिनलला सेल लावल्यावर कोन कुठे गेला, आणि या वर्षी कोणत्या बाजूला फिरवला. त्याच वहीत मशीनला मर्यादा घालणाऱ्या लिमिटरचा आकडा लिहावा. आठ ओहमच्या, हजार वॅट सोसणाऱ्या ड्रायव्हरला मशीनकडून सुमारे ८९ व्होल्टच्या वर काही जाता कामा नये, आणि एकदा ते बसवलं की त्या बटणावर चिकटपट्टी लावावी. गेल्या वर्षी ५.४ दाखवणारा ड्रायव्हर यंदा ४.१ दाखवत असेल तर त्याच्या कॉईलची काही वेटोळी आतल्या आत चिकटली आहेत. तो अजून वाजतो, कदाचित पोळ्यापर्यंत वाजेलही, पण त्याला डबलच्या डब्यात चांगल्या ड्रायव्हरशेजारी बसवू नये.